‘खाडी आली, पिशवी दे’ म्हणणाऱ्या माझ्या गाडीतल्या बायकांना खुलं पत्र

मैत्रिणींनो, आणि शेजारच्या डब्यातल्या भावांनो,

विरार गाडीत एकवीस वर्षं काढल्यावर ‘आदरणीय सहप्रवासी’ असलं काही लिहायला हात उचलत नाही. तुमच्यातल्या निम्म्या जणी माझ्या पायावर पाय देऊन चढल्या आहेत, उरलेल्या निम्म्यांच्या पायावर मी दिलाय. आपण एकमेकींना नावाने कमी आणि स्टेशनाने जास्त ओळखतो. मी ‘नालासोपारा, खिडकीवाली’. बहुतेकींना ओळख पटली असेल.

हे पत्र रेल्वेला का नाही, ते आधी सांगते. रेल्वेला सगळेच लिहितात. शिवाय ज्याबद्दल लिहायचंय ते रेल्वे करत नाही, आपण करतो. मी स्वतः अनेक वर्षं केलंय.

मार्गशीर्षातला शुक्रवार आठवा. आदल्या संध्याकाळी घट मांडलेला, कहाणी वाचून झालेली, सवाष्णींना केळं आणि पोथीचं पुस्तक देऊन झालेलं. शुक्रवारी पहाटे घट हलवायचा. पाणी तुळशीला, तांदूळ डब्यात, आणि बाकी सगळं, म्हणजे पाच पत्री, वेणी, सुकलेला झेंडू, विड्याची पानं, सुपारी, नारळ, एका प्लास्टिकच्या पिशवीत. पिशवीला घट्ट गाठ. मग डबा, पास, मोबाइल, पिशवी आणि पळापळ. गाडीने नायगाव सोडलं की डब्यात हालचाल सुरू होते. ‘खाडी आली गं.’ मांडीवरच्या, पायाजवळच्या पिशव्या वर येतात आणि हातोहात दाराकडे सरकतात. ‘ही माझी. माझीपण टाक.’ दारातली बाई एकेक बाहेर सोडते. कुणी हात जोडते, कुणी रुपया टाकते. पूल संपला की सगळ्या पुन्हा मटार सोलायला बसतात.

गणपतीनंतर हेच, नवरात्रात हेच, श्रावणात तर रोजच. आणि सगळं पूजेचंच असतं असंही नाही. लग्नाच्या पत्रिका असतात, कारण वर गणपती छापलेला असतो. गेल्या वर्षीचं कॅलेंडर असतं, कारण त्यावर दत्तगुरू. काच तडकलेली तसबीर असते. सासूबाई गेल्यावर त्यांच्या देव्हाऱ्यातलं जुनं लाकडी मखर आम्ही दोघींनी मिळून दारातून ढकललं होतं. पुढे काय झालं ते बघायला मान वळवली नाही. खोटं कशाला बोलू, तेव्हा फार हलकं वाटलं होतं.

आता पत्राचा मुद्दा. आपण जिथे पिशवी टाकतो तिथे गाव आहे.

नायगाव सोडल्यावर भाईंदर येईपर्यंत गाडी दोन पूल ओलांडते. आपण दोन्ही मिळून ‘खाडी’ म्हणून मोकळ्या होतो. पहिला लहान, दुसरा लांबलचक. दोन्हींच्या मधे जी जमीन लागते ते पाणजू. ते बेट आहे. भोवती वसईची खाडी, म्हणजे खरं तर उल्हास नदी. बोरघाटाच्या डोंगरात उगम पावून कर्जत, बदलापूर, कल्याण करत ती ठाण्याजवळ येते, आणि तिचा मुख्य प्रवाह घोडबंदरवरून वळून इथे समुद्राला मिळतो. बेटाच्या उत्तरेला वसई-विरार महापालिका, दक्षिणेला मीरा-भाईंदर महापालिका, दोन्ही काठांवर नजर पोचेल तिथवर टॉवर. मधे पाणजूची ग्रामपंचायत, तालुका वसई, जिल्हा पालघर. दोन हजारांच्या आतली वस्ती, बहुतेक घरं आगऱ्यांची.

बीबीसीआय या रेल्वे कंपनीची गाडी गुजरातेतून ग्रँट रोडला आली ती १८६४ साली. १८६७ मध्ये विरारहून मुंबईला पहिली लोकल सुटली. तेव्हापासून दीडशे वर्षांहून जास्त काळ प्रत्येक गाडी पाणजूच्या अंगावरून जाते आणि एकही तिथे थांबत नाही, कारण स्टेशनच नाही. रुळांनी बेटाचे दोन तुकडे केले, ते तेवढे कायमचे. गावातल्या पोराला चर्चगेटला जायचं असेल तर दारावरून गेलेली गाडी पकडायला त्याला आधी होडीने नायगावला जावं लागतं.

मोबाइल दोन-तीन मिनिटं पर्समध्ये ठेवून बाहेर बघितलंत, तर जे दिसतं ते आपल्या रोजच्या प्रवासातलं सगळ्यात देखणं दृश्य आहे, असं माझं मत आहे. (वैतरणावाल्या भांडतील. भांडोत.) भरती असेल तर पाणी तिवरांच्या कमरेपर्यंत आलेलं असतं, झाडं पाण्यात उभी राहून अंघोळ करतायत असं वाटतं. ओहोटी असेल तर तीच झाडं गुडघाभर चिखलात, आणि त्यांच्या बुडाशी चिखलातून वर आलेल्या हजारो मुळ्या, खिळे उलटे ठोकल्यासारख्या. ती झाडं त्या मुळ्यांनी श्वास घेतात. चिखल कोरा नसतो. निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, सरपटत गेलेल्या रेघा असतात, तुतवार पक्ष्यांच्या पायांचे ठसे असतात, चिंबोरीच्या बिळाभोवती गोळ्या-गोळ्यांची रांगोळी असते. थंडी ओसरली की काठच्या मिठागरांत पांढरे ढीग दिसायला लागतात. दुपारच्या गाडीला त्यांच्याकडे बघवत नाही, इतके चमकतात. पुढे होळीनंतर मीठ आणि आकाश यांच्यामधली रेघच हरवते.

हे सगळं मी वीस वर्षं बघत होते. पण माणसं? होडीत उभा असलेला एखादा माणूस दिसायचा, पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, फेकताना. कॅलेंडरवरच्या चित्रातला असावा तसा. त्याला डोकं असेल आणि त्या डोक्यावर काही पडू शकेल, हे मनात यायला एक शुक्रवार जावा लागला.

आपल्या डब्यात नायगावला चढणारी ती आठवते? उंच, पाठीला लॅपटॉपची बॅग, चढल्या चढल्या आत घुसून दाराकडे पाठ करणारी. मी तिला अकरा वर्षं ‘नायगाव’ अशीच हाक मारत होते, तीही ओ द्यायची. त्या शुक्रवारी गर्दी एवढी होती की तिला आत सरकताच आलं नाही, दारातच राहिली. पिशव्या आल्या. पहिली तिच्या हातात कुणीतरी दिली, मग दुसरी, तिसरी. पूल आला, पूल गेला, हिने काही टाकलं नाही. मागून ओरडा झाला. ‘अगो, झोपलीस काय?’ ती तशीच उभी. दोन्ही हातांत मिळून सात-आठ पिशव्या, खांद्यावरून बॅग घसरतेय, पण हात हलत नाही. अंधेरीला गर्दी थोडी कमी झाली तेव्हा मी विचारलं, ‘काय गं, बरं नाही का?’ ती म्हणाली, ‘सासू आता खाली चिंबोऱ्या धरत असेल. पाणी उतरलंय ना.’

मला आधी कळलंच नाही. कुठे खाली?

‘पुलाखाली. मी पाणजूची आहे, नायगावची नाही.’

दादरला ती उतरली, पिशव्या घेऊनच. त्यांचं पुढे काय केलं ते मी विचारलं नाही. त्यातली एक माझी होती.

त्यानंतर पौषातल्या एका रविवारी मी तिच्याकडे गेले. नायगावच्या धक्क्यावर पोचले तर होडी चिखलात बसलेली आणि माणसं निवांत. गॅसचे दोन सिलिंडर, पिठाच्या गोण्या, एक मोटरसायकल, शाळेच्या दप्तरांची चवड, नव्या कुकरचं खोकं, आणि कडेवर बाळ घेऊन उभी असलेली एक लेकुरवाळी. ‘कधी सुटणार?’ मी लोकलच्या सवयीने घड्याळात बघत विचारलं. होडीवाला म्हणाला, ‘पाणी आल्यावर.’ मग माझा चेहरा बघून समजावलं, की भरती रोज पाऊणेक तास उशिरा येते. ‘आमची गाडी रोज पन्नास मिनिटं लेट, ताई, पण कधी कॅन्सल नाही.’ सगळे हसले. हा विनोद तो प्रत्येक पाहुण्याला ऐकवत असणार.

गाव म्हणजे आपल्या आजोळचं असतं तसंच. कौलं, काही स्लॅबची घरं, देऊळ, ओटीवर बसून जाळ्याची भोकं सांधणारा म्हातारा, अंगणात सुकत घातलेला जवळा आणि त्यावर राखणीला बसवलेलं पोरगं. भिंतींना खालून वीतभर खार चढलेला. बांधाच्या आत भाताची शेतं. बांध फुटून एकदा खारं पाणी आत घुसलं, की ते शेत दोन-तीन पावसाळ्यांनी धुऊन निघेपर्यंत भाताचं राहत नाही. मासळी पूर्वीसारखी नाही हे सगळेच सांगतात. वरून कारखान्यांचं पाणी येतं, खालून रेती उपसली जाते. पूर्वी डुबी मारून बालदीने रेती काढायचे, मग पंप आले. काठ खचला की तिवरं आडवी होतात, आणि तिवरं गेली की चिंबोरी, कोलंबी कुठे राहणार, असं साधं गणित नणंदेने भाकरी थापताना मांडलं. तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी आणि बोय माशाचं कालवण होतं. कालवणावर मी पानभर लिहू शकते, पण ते राहू दे.

रात्रीचं काय, हे विचारलं तेव्हा सगळे जरा गप्प झाले. रात्री होडी नसते. धाकट्याच्या वेळी हिला रात्री दीड वाजता कळा सुरू झाल्या आणि खाडीत पाणी नव्हतं. चौघांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून रेल्वे पुलावरून नायगावला नेलं. पुढे एक जण टॉर्च घेऊन, मागे एक जण गाडीचा कानोसा घेत. पुलावरून चालू नये हे त्यांना कळतं. तुम्ही कायदा सांगाल म्हणून आधीच लिहिते. रात्रपाळीहून परत येणारा, पहाटेची पहिली लोकल पकडणारा, ओहोटीला अडकलेला, अशा माणसाला दुसरी वाट कोणती, ते मात्र त्या कायद्यात कुठे नाही. खाडीवर रस्त्याचा पूल होणार असं एमएमआरडीए, म्हणजे मुंबई महानगराचं विकास प्राधिकरण, सांगतंय त्याला दहा वर्षं उलटून गेली. फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदर-वसई रो-रो बोट सुरू झाली. तिच्यातून लोक गाड्या घेऊन वसईचा किल्ला बघायला जातात.

आम्ही जेवायला बसलो होतो तेवढ्यात तिचा नवरा आला. कपडे कामावरचे, काखेत हेल्मेट. मी सहज विचारलं, ‘बाइक नायगावला ठेवून आलात?’

‘बाइक नाही आपल्याकडे. हे पुलासाठी.’

हेल्मेट त्याने खुंटीला अडकवलं. डाव्या बाजूला खोक पडलेली होती, आतला थर्माकोल दिसत होता.

घराच्या मागे, खाडीच्या बाजूला पिंपळ आहे. तिथे सासूने मला नेलं. साठी उलटलेली बाई, गुडघ्यापर्यंत लुगडं, पोटऱ्यांवर चिखल वाळून पांढरा झालेला. पिंपळाच्या पारावर तिने देव मांडून ठेवलेत. स्वामी समर्थ, साईबाबा, बालाजी, लक्ष्मी, वैष्णोदेवी. काही तसबिरींना काच आहे, काहींना नुसती चौकट, काहींचे चेहरे पाण्याने गेलेत. पितळेचा एक नंदी आहे. शेंदूर खरवडलेला गणपती आहे. एका कोपऱ्यात लग्नपत्रिकांवरचे कापून काढलेले गणपती दगडाखाली दाबून ठेवले होते. हे सगळं बोकशीच्या जाळ्यात, पागात, तिवरांच्या मुळ्यांत सापडलेलं. मी म्हटलं, ‘मावशी, एवढं कशाला जमवता?’

‘देव हायेत ते बाय, चिखलान कशे टाकाचे?’

नारळांचा ढीग वेगळा होता. शेंडी तशीच, काहींना हळदीकुंकू, काहींना सुतळी. ती म्हणाली, ‘नारल बुरत नाय. जातंय आन परत येतंय.’

मैत्रिणींनो, इथे माझी ट्यूब पेटली. एकवीस वर्षं आपण ‘वाहत्या पाण्यात सोडलं’ म्हणून समाधान मानतोय. ती नुसती वाहती नदी असती तर वाहून गेलंही असतं. खाडी दिवसातून दोनदा आत येते आणि दोनदा बाहेर जाते. उधाणाला इथे पाणी चार मीटरच्या वर चढतं, तेवढंच उतरतं. आपली पिशवी ओहोटीबरोबर वसईच्या किल्ल्याकडे जाते आणि सहा तासांनी भरतीबरोबर पाणजूच्या दारात परत येते. विसर्जन होतच नाही. आपण फक्त आपल्या घरातलं मावशींच्या घरी पाठवतो. आणि ओहोटी असेल तर तेही नाही, पिशवी सरळ चिखलात बसते, आठवडाभर फुगते, वास मारते. मधल्या बेटावर तर पाणीसुद्धा नाही. आपल्यातल्या किती जणींनी नेम धरून पाण्यावर टाकलीय? गाडी धावतेय, मागून रेटा आहे, हात सुटला की पिशवी गेली.

दुपारी परत निघण्याआधी मी अशी एक पिशवी जाताना पाहिली. पुलाच्या अलीकडे काठावर उभी होते. विरारकडून गाडी आली. खालून ती आपली वाटतच नाही. आधी काठ थरथरतो, मग आवाज, मग डब्यांच्या मधून दिसणारं आकाश फाटत फाटत जातं. एका दारातून काळी पिशवी निघाली. ती खाली पडत नाही, हे मला तेव्हा कळलं. ती गाडीबरोबर धावते, तिरपी, गाडीच्याच वेगाने, आणि मग खाली येते. चिखलात ‘थप्प’ झालं आणि कोंबडी मारावी तसे शिंतोडे उडाले. दोन बगळे उडून थोडं पलीकडे जाऊन बसले. माझ्यापासून ती वीसेक पावलांवर होती. मावशींनी मान वर करून बघितलंही नाही.

माझा मुलगा शास्त्र शिकलाय. त्याने घरी कागदावर मांडून दाखवलं. क्रिकेटचा चेंडू एकशेसाठ ग्रॅमच्या आसपास असतो, आणि त्यासाठी फलंदाज हेल्मेट घालतो, समोरून येणारा दिसत असूनही. नारळ अर्धा किलोच्या पुढे. गाडी ताशी ऐंशीने जात असेल तर हातातून सुटताना नारळाचा वेगही ऐंशीच, आपण नुसता सोडला तरी. फेकायची गरज नाही. पुलावर रुळांच्या कडेने चालणारा माणूस गाडीकडे पाठ करून असेल, तर त्याला तो दिसतसुद्धा नाही.

२०२५ च्या नवरात्रात पाणजूचा एक तरुण असाच पुलावरून चालत होता. धावत्या लोकलमधून आलेला नारळ डोक्याला लागला. तो वाचला नाही. बातमी तुम्हीही वाचली असेल, आपल्या डब्यात त्या दिवशी तिच्यावर बोलणंही झालं. ‘बाई गं’ म्हणालो, ‘लोकांना काही अक्कलच नाही’ म्हणालो. लोक म्हणजे कोण, ते कुणी म्हणालं नाही. पूजेतला एखादा नारळ असेल तो. कुणीतरी नेमाने दिवा लावला असेल, अनवाणी राहिलं असेल. ज्याच्या हातून सुटला त्याला आजही माहीत नसेल. तो आपल्यातला कुणीही असू शकतो, हे वाक्य लिहायला मला चार दिवस लागले.

तो तरुण गेल्यानंतरच्या शुक्रवारी नायगावला ती चढली नाही. पुढच्या आठवड्यात आली. आता ती पुन्हा आत घुसून पाठ करून उभी राहते.

तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे, कारण मी तेच म्हणत आले. निर्माल्य कचऱ्यात कसं टाकायचं? पायदळी येतं. खरं आहे, मलाही ते जमत नाही. पण फुलं-पानं कचऱ्यातच टाकायला हवीत असं कुठे आहे? झेंडू, पत्री, विड्याची पानं घराखालच्या झाडाच्या बुंध्याशी पुरली तर महिन्याभरात माती होते. आमच्या सोसायटीत वॉचमनने एक खड्डा केलाय, त्यावर जास्वंद लावलीय, तिची फुलं पुन्हा देवालाच जातात. गणेशोत्सवात तलावांवर निर्माल्य कलश असतात, तेव्हा आपण तिथे टाकतोच की. तसबिरीतला कागद काढा, चौकट-काच भंगारवाल्याला द्या. लग्नपत्रिका तर मुळात घरी आणूच नयेत, व्हॉट्सअॅपवर पाठवा म्हणावं. माझ्या भाच्याच्या लग्नात मी हे बोलले तर वहिनी दोन महिने बोलत नव्हती, ते वेगळं.

आणि नारळ? नारळ खा, बायांनो. देवापुढचा नारळ म्हणजे प्रसाद. आपल्या आज्या तो फोडून सगळ्यांना खोबरं वाटायच्या. घटाचा नारळ खायचा नसतो, हे मला एकीने ठामपणे सांगितलं. कुणी सांगितलं म्हटलं, तर ‘असंच असतं’. मी आमच्या गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, ‘उत्तरपूजा झाली की त्याची वडी करा, मलाही दोन आणा.’ सत्तर-ऐंशी रुपयांची वस्तू आपण मोबाइलची काच तडकू नये म्हणून जपणाऱ्या हातांनी माणसांच्या डोक्यावर सोडतो.

शेजारच्या डब्यातल्या भावांना वेगळं थोडंच लिहायचंय. आमच्या खिडक्यांना जाळ्या आहेत, म्हणून आमची पिशवी दारातूनच जाते. तुम्ही दारात लटकलेलेच असता. आणि तुमच्यात घरून बायकोने दिलेली पिशवी ‘टाकायचं काम’ म्हणून उरकण्याची पद्धत आहे. तीत काय आहे हेही तुम्हाला माहीत नसतं. भजनी मंडळवाल्यांनी तरी मनावर घ्यावं. भाईंदर येईपर्यंत तुमचं ‘पुंडलिक वरदा’ आमच्या डब्यात ऐकू येतं, पुलावर एकदा माइकवरून सांगितलंत तर हेही ऐकू येईल.

पुलाला जाळी लावा, बाजूने चालायची वाट द्या, अशी गावाची मागणी आहे. ती योग्य आहे, आणि ज्यांच्या हातात आहे त्यांनी करावी. जाळी होईल तेव्हा होईल. उद्या सकाळी गाडी मात्र आहेच, आणि पिशव्याही.

म्हणून मी एक करतेय. गेल्या मार्गशीर्षापासून शुक्रवारी मी खिडकी सोडलीय. नालासोपाऱ्याला चढल्यावर दाराजवळच उभी राहते, खांद्यावर गोणपाटाची मोठी पिशवी. ‘खाडी आली’ झालं की माझ्याकडे द्या. फुलं खड्ड्यात जातात, नारळ माझ्या ऑफिसच्या कँटीनवाल्या मावशींकडे. पहिल्या शुक्रवारी चौघींनी दिल्या, बाकीच्यांनी माझ्या डोक्यावरून टाकल्या. दुसऱ्या शुक्रवारी अकरा. एकीने ‘तू भंगारवाली झालीस काय’ असं विचारलं, तिचीच पिशवी सगळ्यात जड होती. वड्या जमल्या तेव्हा मी डब्यात वाटल्या. साखर कमी पडली होती, मान्य आहे.

शेवटी एक निरोप. पाणजूच्या मावशींनी परत येताना माझ्या हातात एक तसबीर दिली. विठ्ठल-रखुमाईची, साधारण वहीच्या आकाराची, सोनेरी चौकट, काच अर्धी गेलेली. मागच्या पुठ्ठ्यावर बॉलपेनने लिहिलेलं अजून वाचता येतं: ‘गृहप्रवेशानिमित्त सप्रेम भेट, आत्याकडून’. खाली तारीख आहे, ती इथे लिहीत नाही. ‘तुझे गारीतलं कुनाचं असंल तं दे,’ असं म्हणाल्या. मी ती जुन्या ओढणीत गुंडाळून रोज बॅगेत घेऊन फिरतेय. ज्यांची असेल त्यांनी तारीख सांगावी आणि घेऊन जावी. मी चर्चगेटकडून तिसऱ्या दाराशी असते.

तुमची,
नालासोपारा, पूर्वीची खिडकीवाली